हवा भरायचा पंप

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात मला क्वार्टर मिळालं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. वीज केंद्राच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये केमिस्ट. लॅबमध्ये बाई मी एकटीच, आणि एकटी राहणारी बाई आमच्या त्या अख्ख्या ओळीत मीच. समोरच्या घरांतल्या बायका सुरुवातीला येऊन गेल्या. चहा झाला, "मिस्टर कुठी असतात?" हे विचारून झालं, लग्न झालेलं नाही हे कळलं, आणि मग येणं हळूहळू थांबलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. बोलायला विषयच उरत नसे.

नोकरी लागली त्याच वर्षी आई गेली होती. बाबा नागभीडजवळच्या आमच्या गावी भावाकडे राहायचे. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, सोडून इकडे यायला ते तयार नव्हते. महिन्यातून एकदा मी जायची, रविवारी सकाळी विहारात वंदनेला सगळ्यांसोबत बसायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघायची. घरी कोणी "थांब" म्हणत नव्हतं आणि "जा"ही म्हणत नव्हतं.

क्वार्टरच्या मागे छोटं अंगण होतं. खाली नुसता मुरूम. मी मेथी पेरली. ती बोटभर उगवली आणि पिवळी पडली. वांग्याची रोपं लावली, ती आहे तेवढीच राहिली. धानाच्या घरात वाढलेली मुलगी मी, आणि मला मेथीची जुडी बाजारातून आणावी लागत होती. याचं मला फार वाईट वाटायचं.

कॉलनीच्या वाचनालयात जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा पडलेला असायचा. त्यातल्या एका विज्ञानाच्या मासिकात मी ते चित्र पाहिलं. एक बंद खोकं, झाकणाला भोकं, भोकांतून झाडं वर आलेली आणि मुळं आत हवेत लोंबकळत असलेली. माती नाहीच. खालून पाण्याचं धुकं उडायचं, त्या पाण्यात खत विरघळवलेलं असायचं आणि मुळं तेच प्यायची. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. आज खरं सांगायचं तर शास्त्राची फार ओढ होती असं नाही. साडेपाचला घरी आल्यावर झोपेपर्यंत काय करायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

खोकं सोपं होतं. चंद्रपूरच्या किराणा दुकानातून चहाची रिकामी प्लायवूडची पेटी आणली, आतून काळं प्लास्टिक लावलं, झाकणाला सहा भोकं पाडली. फवारणीच्या पंपाला असतात तशी पितळेची दोन नोझलं कृषी केंद्रातून आणली. कोणतं खत किती विरघळवायचं हे तर माझ्या रोजच्या कामातलंच होतं. अडलं ते पंपाशी.

पहिला पंप मी कूलरचा आणला. आमच्याकडे घरोघरी कूलर, त्यामुळे तो छोटा पंप कुठल्याही दुकानात मिळायचा. दुकानदाराने विचारलं, "किती फुटी कूलर आहे, बाई?"

"कूलर नाई, झाडाले पायजे."

त्याने माझ्याकडे जरा पाहिलं आणि पंप बांधून दिला.

पेटीत तो सोडला, बटण दाबलं. नोझलच्या तोंडातून पाणी ओघळायला लागलं. धुकं नाही, तुषार नाही, नुसती ओघळ. दोन संध्याकाळ मी नोझल उघडून साफ करत बसले. दोष नोझलचा नव्हता. तो पंप पाणी हात-दोन हात वर चढवायचा, पण ढकलायचा नाही.

मग लॅबमधल्या एका सहकाऱ्याकडे अर्ध्या हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक पंप पडून होता, तो आठ दिवसांसाठी मागून आणला. एका रविवारी सकाळी मागच्या व्हरांड्यात सगळं जोडलं आणि बटण दाबलं. क्षणभर खरंच धुकं उडालं. मी झाकण उचलून पाहायला वाकले तेवढ्यात पाइप क्लिपमधून निसटला. पाण्याचा लोट माझ्या तोंडावर, भिंतीवर आणि मधल्या कमरेएवढ्या भिंतीवरून शेजारच्या व्हरांड्यात. तिथे बाजेवर माझे शेजारी झोपले होते.

ते पंप हाउसमध्ये फिटर होते, निवृत्तीला सहा-सात महिने राहिलेले. मूळचे सिरोंचाकडचे, बायको वारलेली, एकुलती मुलगी तिकडेच दिलेली. इतक्या महिन्यांत आमचं बोलणं "नळ आला का?" एवढंच झालं होतं. ते ओल्या बनियनवर उठले, भिंत ओलांडून आले आणि आधी बटण बंद केलं.

"काय करून राह्यल्या, बाई?"

मी सांगितलं. पेटी दाखवली, वहीतलं चित्र दाखवलं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं.

"मुळीले पानी कितीक लागते?"

"थोडंसंच लागते, भाऊ. पण बारीक पायजे, धुक्यासारखं."

त्यांनी नळाला लावलेली माझी रबरी नळी उचलली, नळ जरासा सोडला आणि नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला. पाणी पंख्यासारखं उडालं. अंगठा काढला, पाणी पायाशी पडलं.

"पाहा. पानी तेवढंच आहे. तुमाले पानी नाई पायजे, दाब पायजे. कूलरवाल्यात दाब नाई. ह्याच्यात दाब आहे, पन पानी लय जास्त. दोन नोझलातून जाऊन जाऊन किती जाईल? बाकीचं कुठून तरी निंगनच." आणि त्यांनी माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी दुपारपर्यंत ते थांबले. नोझलखाली पेला धरून किती वेळात भरतो ते मोजायला लावलं. पाइपला एक फाटा काढून जास्तीचं पाणी परत बादलीत सोडता येतं, त्याला बायपास म्हणतात, हे जमिनीवर खडूने काढून दाखवलं. पाणी कपड्यातून गाळून घ्यायला सांगितलं, नाहीतर बारीक नोझल रोज तुंबणार. मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो उभ्यानेच घेतला.

मोनोब्लॉक परत द्यायचा होता. आता माझा स्वतःचा कोणता घ्यायचा, हे ठरवायला आम्ही पुढचे पंधरा दिवस लावले. दोघेही कामावरून आलो की आपापल्या व्हरांड्यात, मधे भिंत. छोटा विजेचा पंप बायपास लावून, की फवारणीचा हातपंप? आमच्या लॅबमध्ये बॉयलरच्या पाण्यात औषध सोडायचे बारीक पंप होते, थेंब थेंब पण जोरात ढकलणारे. मला तो सगळ्यात योग्य वाटत होता. पण तसा बाजारात कुठून मिळणार? फिटर भाऊंचं शेवटी एक मत पडलं.

"विजेचा नका घेऊ, बाई. वादळ आलं, तारेवर झाड पडलं, का खतम. मुळ्या हवेत, दोन घंट्यात सुकतीन. हवा भरायचा घ्या."

हवा भरायचा पंप म्हणजे शेतकरी औषध मारायला वापरतात तो. पितळेची टाकी असते, तिच्यात पाणी घालून झाकण घट्ट लावायचं, वरच्या दांड्याने हवा भरायची. मग चावी सोडली की आतली हवाच पाण्याला ढकलते आणि दहा-पंधरा मिनिटं फवारा आपोआप चालतो. दाब भरपूर, पाणी थोडं. शिवाय तो त्यांच्या हाताखालून गेलेला होता. तरुणपणी ते मलेरियाच्या फवारणीवर होते, अहेरी-सिरोंचाच्या जंगलात गावोगाव घरांच्या भिंती फवारत हिंडलेले.

"पन हवा भरायले मानूस लागते ना भाऊ. मी त दिवसभर ड्यूटीवर."

"मी आहो ना," ते म्हणाले.

नागभीडच्या कृषी केंद्रातून मी पंप आणला. बाबा सोबत आले होते. मी त्यांना सगळं समजावलं, तर ते म्हणाले, "माती नाई त झाड धरन काय?" पण दुकानात त्यांनीच तीन पंपांत हवा भरून पाहिली आणि ज्याची हवा टिकली तो निवडला. पंप मांडीवर घेऊन मी बसने परत आले.

दिवाळी आटोपल्यावर टोमॅटोची चार आणि मिरचीची दोन रोपं पेटीवर चढवली. माझी ड्यूटी नऊ ते पाच. फिटर भाऊंनी पाळ्या बदलून घेतल्या आणि कायमची तिसरी पाळी मागितली. रात्री पंप हाउस, दिवसा घरी. ती पाळी कोणालाच नको असायची, त्यामुळे लगेच मिळाली. मी म्हटलं, "भाऊ, झोपता कवा?" ते म्हणाले, "मले तशीही झोप कुठी येते."

तासाला एकदा ते भिंत ओलांडून यायचे, चाळीस दांडे मारायचे आणि चावी सोडायचे. व्हरांड्यात मी पाटी टांगली होती. तिच्यावर ते वेळ लिहून ठेवायचे. संध्याकाळपासून माझं काम. रात्री थंडीत बंद पेटीतली ओल सकाळपर्यंत टिकायची. आमची गाठ साडेपाच ते साडेनऊच्या मधे कधीतरी पडायची, तीही पाच-दहा मिनिटं. पण घरी आल्यावर पाटी वाचायची मला सवय लागली. साडेदहा. साडेअकरा. पावणेएक. कोणीतरी माझ्या घरी दिवसभर येऊन गेलं आहे, हे त्या आकड्यांत दिसायचं.

एक दिवस पाटीवर गोल गोल अक्षरं होती. मला वाचता येईनात.

"तेलुगू आहे," ते म्हणाले. "वेरु. म्हनजे मुळी. झाकन उचलून पाहा."

पाहिलं. टोमॅटोच्या मुळ्या वीतभर लांब झाल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, म्हाताऱ्याच्या दाढीसारख्या, प्रत्येक केसावर पाण्याचा बारीक थेंब. मातीतलं मूळ असं कधी दिसत नाही. आम्ही दोघं झाकण धरून उभे राहिलो.

त्यानंतर ते अधूनमधून एखादा शब्द लिहायचे आणि मी संध्याकाळी विचारायची. नीळ्ळु म्हणजे पाणी. आकु म्हणजे पान. त्या कॉलनीत त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं कोणी नव्हतं हे तेव्हाच पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मराठी ते तीस वर्षं बोलत होते, पण मोजून मापून, परक्या घरी जेवायला बसल्यासारखे. कॉलनीत थोडी कुजबुज झाली. लॅबमध्ये एकाने विचारलंही, "फिटर फार येतो म्हणे तुमच्याकडे?" मी म्हटलं, "हो, पंप मारायला."

जानेवारीच्या शेवटी ते निवृत्त झाले. पंप हाउसमध्ये हार, नारळ, शाल असा निरोप झाला. मी गेले होते, पण बायका कोणी नव्हत्या म्हणून दारातच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रंक आणि बाज बसच्या टपावर टाकून ते गेले. जाताना पेटीपाशी आले, दहा-बारा दांडे मारले, म्हणाले, "फुलं आली. आता पंधरा दिवस जपा."

मी जपलं. सकाळी निघायच्या आधी हवा भरायची, दुपारच्या सुट्टीत सायकलने घरी यायची, पुन्हा भरायची, तशीच परत. थंडी होती तोवर निभावलं. मार्च लागला तशी चंद्रपूरची उन्हं सुरू झाली. एके दिवशी दुपारी आले तर पानं फडक्यासारखी लोंबत होती. घाईघाईने दांडा मारला. तो हलका लागला. हवा धरतच नव्हती. दांड्याच्या टोकाचा चामड्याचा वॉशर वाळून आकसला होता. मी तो तेलात बुडवला, पिळला, परत बसवला, पुन्हा काढला. शेवटी पेल्याने मुळांवर पाणी ओतलं. मुळं तपकिरी आणि चिकट झाली होती. त्या दुपारी मी लॅबमध्ये गेलेच नाही. पंप मांडीत धरून व्हरांड्यात बसून राहिले आणि खूप रडले. झाडांसाठी एवढं रडू येऊ नये, हे मला कळत होतं.

सहाही रोपं गेली. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक कुटुंब आलं. त्यांनी मधल्या भिंतीवर गोणपाटाचा आडोसा बांधला.

फिटर भाऊंना मी पत्र लिहिलं. महिन्याने पोस्टकार्ड आलं, कोणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेलं. वॉशर एरंडेल तेलात भिजवावा, मुलगी बरी आहे, कधी या. त्या "कधी या"वर मी फार दिवस काढले. पावसाळ्यात तिकडचे नाले भरून रस्ता बंद व्हायचा. म्हणून दिवाळीनंतर रजा काढली आणि निघाले. पहाटेची लाल बस, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्लीला बस बदलायची. पुढे दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल. संपता संपत नाही. बसमधली बोली बदलत गेली. आलापल्लीपर्यंत मराठी आणि गोंडी ऐकू येत होती, पुढे नुसती तेलुगू. खिडकीशी बसून मी माझे शब्द आठवत होते. मोजून नऊ होते.

सिरोंचाला संध्याकाळी पोचले. घर शोधायला अडचण पडली नाही, कारण त्यांचा आवाज रस्त्यावरूनच येत होता. अंगणात सात-आठ माणसं बसली होती, मधे ते. हातवारे करून काहीतरी गोष्ट सांगत होते, लोक पोट धरून हसत होते, आणि ते थांबायलाच तयार नव्हते. मी फाटकाशी उभी राहून पाहत राहिले. हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता.

मला पाहिल्यावर ते धावत आले. "बाई! येकटी आल्या?" मुलीने पाय धुवायला पाणी दिलं, भात आणि चिंचेचं मासळीचं कालवण वाढलं, शेजारणी मला पाहायला आल्या. सगळे माझ्याशी फार चांगले वागले. मी "नीळ्ळु" म्हटलं तर कौतुकाने हसले. मग त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं आणि मी हसऱ्या चेहऱ्याने त्यात बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला बसस्टँडवर सोडायला आले. बस यायची होती. मी झाडं कशी गेली ते सांगितलं. पत्रात सगळं लिहिलं नव्हतं.

"बाई, येक सांगतो. राग नका मानू. तुमाले तो पंप घ्यायले मीच लावला."

"त्यात काय भाऊ, पंप चांगलाच होता."

"चांगला होता. पन येकट्या मानसाचा नोता. विजेचा छोटा पंप, बायपास लावला असता, त तुमचं काम झालं असतं. मले माईत होतं. तवाच माईत होतं."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

त्यांनी चपलेने जमिनीवरची खडी सारली. "विजेचा घेतला असता त तुमाले माही गरज नसती लागली. दिवसभर त्या क्वार्टरात मी काय केलं असतं? भिंतीकडं पाहून पाहून जीव जाऊन राह्यला होता." मग म्हणाले, "मी निंगून जाईन, मंग तुमचं काय होईल, हे मनात आलं होतं. येऊन गेलं. तुमची झाडं मी मारली, बाई."

मला राग आला नाही. मी त्यांना सांगितलं की पाटीवरचे आकडे वाचण्यासाठी मी कामावरून सायकल जोरात मारत यायची. विजेचा पंप घ्यावा हे माझ्याही मनात आलं होतं. केमिस्ट मी होते, दाब आणि पाण्याचं गणित मलाही येत होतं. मीही काही बोलले नव्हते. हे सगळं मी नीट सांगू शकले की नाही, आठवत नाही. बस आली. कंडक्टर घाई करत होता. ते खिडकीपाशी आले आणि बस सुटेपर्यंत गजाला हात लावून उभे राहिले.

परत आल्यावर मी चंद्रपूरहून पाव हॉर्सपॉवरचा पंप आणला. बायपासचा फाटा स्वतः बसवला, क्लिपा दोनदोन आवळल्या. बादलीतलं पाणी फिरून फिरून गरम होऊ नये म्हणून तिला ओलं पोतं गुंडाळलं. सकाळी बटण दाबून कामावर जायची, संध्याकाळी येऊन बंद करायची. पंप एका सुरात गुरगुरत राहायचा. त्याला माझी काही गरज नव्हती. आडोशापलीकडच्या बाईने एकदा विचारलं, "हा आवाज कशाचा हो येते?" मी तिला बोलावून पेटी दाखवली. ती म्हणाली, "अगं बाई," आणि तिचं दूध गॅसवर होतं म्हणून गेली.

फेब्रुवारीत टोमॅटो लागले. बेताचे, पातळ सालीचे. चवीला जरा पाणचट होते. पहिल्या तोडीचे अर्धा किलो भरले असतील. त्यातले चार मी बाबांसाठी बाजूला काढले, दोन शेजारी दिले आणि उरलेल्यांची भाजी केली. ती मला दोन दिवस पुरली.